मातृभाषेचा रकाना

प्रिय लुकास,

हे पत्र मराठीत आहे. रागावू नकोस. आणि रागवायचंच असलं तर खुशाल रागाव. आता काही तू माझं पत्र लाल शाईनं दुरुस्त करून परत धाडू शकत नाहीस!

मी पुण्याला कॉन्व्हेंटात शिकवत होते तेव्हा आपण दोघं एकमेकांना इंग्रजीतच लिहायचो. ‘माय डिअर सिस्टर’ अशी तुझी सुरुवात. मग घरची खबरबात, तीही अशी इस्त्री केलेली, की आई आजारी आहे हे वाचूनसुद्धा मला रडू यायचं नाही. आज पहिल्यांदा तुला आपल्या भाषेत लिहिते आहे, आणि एवढ्यातच दोनदा चष्मा पुसून झाला.

आजच का लिहिते? काल विलायतेहून तुझ्या लेकीच्या, तेरूच्या, नावाचा लिफाफा आला. तू ज्याची पोस्टमनला रोज चौकशी करायचास, तोच. त्यात काय आहे ते सांगते. पण तू गेल्यावर या पाच महिन्यांत मी तुझ्या पाठीमागे काय केलं, ते आधी माझ्या तोंडून ऐक. चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायका कुजबुजतातच, की मार्थाबाईनं मेलेल्या भावाला खोटं पाडलं. पाडलं, लुकास. वेळ आली तर पुन्हा पाडीन.

तुला आठवतं, मी कॉन्व्हेंटात शिकताना सुट्टीला घरी यायचे तेव्हा तू बैलगाडीतून चितळी स्टेशनवर मला न्यायला यायचास? मी दहाची, तू सहाचा. ट्रंक उचलायची ताकद नाही, पण हट्ट तुझाच. आणि राहात्यापर्यंत सगळ्या वाटेनं एकच धोसरा. “आक्का, बैलाला काय म्हनत्यात? चाकाला काय म्हनत्यात? बाभळीला?” बाभळीला काय म्हणतात ते मलाही ठाऊक नव्हतं. दिलं काहीतरी ठोकून. पुढच्या सुट्टीत गाडीत बसायच्या आधीच तू मला धरलंस. “आक्का, फादर म्हनत्यात, तसलं झाडच न्हाई!” वर्षभर जपून ठेवला होतास तो खोटा शब्द. तेव्हा तू ‘न्हाई’ म्हणायचास. किती गोड म्हणायचास!

आई दारात बसून आपलं ऐकायची. “मलाबी एक शिकव की गं,” म्हणाली, म्हणून मी तिला ‘थँक्यू’ शिकवलं. मग काय! कुणी पाणी दिलं की थँक्यू. शेळी दूध देऊन बाजूला झाली की तिला थँक्यू. शेजारची भागूबाई तासभर भांडून निघाली, तर तिलाही थँक्यू. भागूबाई उंबऱ्यातून मागे वळली. “काय म्हनलीस? परत म्हन बरं!” आई परत म्हणाली. भांडण आणखी तासभर चाललं.

आपल्या आईचं इंग्रजी एवढंच होतं, लुकास. एक शब्द.

तू मात्र शिकलास. थोडं माझ्याकडून, थोडं फादरांच्या शाळेत, आणि बाकी सगळं स्वतःच्या जिद्दीवर. नगरच्या कचेरीत कारकून म्हणून लागलास, त्या वर्षी मला भेटायला पुण्याला आलास. कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत टोपी हातात फिरवत बसला होतास. म्हणालास, “आक्का, कचेरीत मी मराठीत तोंड उघडलं की समोरचा आधी गाव विचारतो, मग गावातली आळी. आणि मग पाण्याचा तांब्या उचलून पलीकडं ठेवतो. इंग्रजीत बोललं की नुसतं नाव विचारतात. मराठीत मला जात आहे, आक्का. इंग्रजीत नाही.”

मी काय बोलणार होते? माझ्यासमोरून कुणी तांब्या उचलला नव्हता. कॉन्व्हेंटच्या भिंतींनी मला ते बघू दिलं नाही. म्हणून मी गप्प बसले, आणि त्या एका वाक्याच्या धाकानं पुढची तीस वर्षं गप्प राहिले. तुझं दुःख खरं होतं. त्याच्यावर तू जे औषध काढलंस, ते मात्र आपल्याच घराला बाधलं. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही चूक माझी.

तेरूची आई, आना, दुसऱ्या बाळंतपणात गेली. तेरू चार वर्षांची. मी नोकरी सोडून तुझं घर सांभाळायला नगरला आले, तर घरात नवा कायदा लागू झालेला! जेवणाच्या टेबलावर मराठी बंद. चुकून शब्द निघाला की ताटावरून उठायचं, दाराबाहेर जायचं, आणि ‘गुड इव्हनिंग’ म्हणत पुन्हा आत यायचं. एवढीशी पोर एका जेवणात सात वेळा आत-बाहेर करायची. पिठल्याला तू एक लांबलचक इंग्रजी नाव तयार केलं होतंस. ते म्हणून होईपर्यंत पिठलं गार व्हायचं.

आई राहात्याहून चार दिवस राहायला आली होती तेव्हाचं आठवतं का? तेरू तिसऱ्यांदा उठली, तेव्हा आई म्हणाली, “लुकास, पोरीला ताटावरनं उठवू नगं रं. अन्नावरनं उठवल्यालं मानूस भुकेलंच ऱ्हातं.” तू तिला काहीच उत्तर दिलं नाहीस. इंग्रजीत दिलं असतं तर तिला कळलं नसतं, आणि मराठीत द्यायचं तर तुलाच बाहेर जावं लागलं असतं! आईनं आपलं ताट उचललं आणि चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. तेरू तिच्या मागोमाग. तू टेबलावर एकटा जेवलास, अगदी बिनचूक इंग्रजीत.

आणि ती फारसी! ती तर तुला शेवटपर्यंत पचली नाही.

मॅट्रिकला आणखी एक भाषा हवी होती. संस्कृतच्या वर्गात शास्त्रीबुवांनी तेरूला दाराजवळचं वेगळं बाक दाखवलं. ती बसलीच नाही, तशीच बाहेर आली. तू फ्रेंच म्हणत होतास. आणि तिकडे झेंडीगेटचे मुन्शीजी शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून पोरांना विचारत होते, “फारसी पढोगे, बेटा?” त्यांच्या वर्गात तीन मुलं. चौथं मिळालं नाही तर वर्ग बंद. तेरू घरी येऊन म्हणाली, “आत्या, चौथी मी होऊ?” मी चिठ्ठीवर सही करून मोकळी झाले.

तुला आठ दिवसांनी कळलं. जेवता जेवता. तू घास खाली ठेवून ओरडलास, “फारसी शिकून करणार काय? नवाबाच्या दरबारात नोकरी?” रागाच्या भरात मराठीत ओरडलास, बरं का! तेरूनं दाराकडे बोट दाखवलं. आणि तू उठलास. कायदा तुझाच होता ना! बाहेर गेलास, ‘गुड इव्हनिंग’ म्हणत आत आलास, आणि मग आठवडाभर आमच्याशी कुठल्याच भाषेत बोलला नाहीस.

हसू येतंय मला. इतक्या रागानं लिहायला बसले होते आणि हसू येतंय. असाच होतास तू, स्वतःला सूट न देणारा. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

तेरू बी.एस्सी. झाली, रसायन घेऊन. मातीचं शास्त्र शिकायला विलायतेला जायचं म्हणाली. राहात्याकडची पाटाखालची रानं चोपण होत चालली आहेत, वर पांढरी खपली धरते, पीक उगवत नाही; त्यावर उपाय शोधायचा म्हणाली. तू किती खूश झालास! दसऱ्याच्या सुमारास विद्यापीठाचा फॉर्म आला. तेरूनं कोऱ्या फॉर्मवर सही करून तो तुझ्या हवाली केला. “बाबांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे,” म्हणाली. तू दार लावून दोन दिवस भरत होतास. कुणाला दाखवला नाहीस.

नाताळाच्या आधी उत्तर आलं. तू आम्हाला एवढंच सांगितलंस, की त्यांना लॅटिन हवं आहे, मे अखेरपर्यंत परीक्षा द्यायची. तेरू फादरांकडे जाऊ लागली. लॅटिन आपल्याला काय नवीन आहे? जन्मभर मिस्सेत म्हणत आलो. राहात्याच्या म्हाताऱ्या बायका सुद्धा खणखणीत म्हणतात. अर्थ मात्र एकीलाही ठाऊक नाही. फादर प्रामाणिक माणूस. पंधरा दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणाले, “मार्थाबाई, प्रार्थना कळण्याइतकं मेपर्यंत शिकवीन. परीक्षा देण्याइतकं शिकायला तीन वर्षं लागतील.” मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, “शी विल मॅनेज.”

आणि मग नाताळ उलटून पंधरवडा होतो न होतो तोच, सकाळी कचेरीचा कोट अंगात घालताना तू खाली बसलास तो उठला नाहीस.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कचेरीनं तुझे काही कागद मागितले, म्हणून मी तुझा खण उघडला. वरच फॉर्मची नक्कल होती, विद्यापीठाची नियमांची पुस्तिका होती, आणि ते उत्तर. फॉर्मवर ‘मदर टंग’ असा रकाना. त्यात तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: इंग्लिश.

मी पुस्तिका वाचली. मला कॉन्व्हेंटनं आणखी काही दिलं नसेल, पण नियम नीट वाचायला शिकवलं आहे. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याला लॅटिन आलंच पाहिजे. ज्याची मातृभाषा दुसरी, त्याला लॅटिनऐवजी संस्कृत, अरबी किंवा फारसी चालेल. मात्र इंग्रजी पुरेसं येतं हे त्यानं परीक्षेला बसून सिद्ध करावं.

फारसी, लुकास! जी तू घरात येऊ दिली नव्हतीस, तीच दार उघडून उभी होती. एक शब्द बदलायचा होता, बस्स.

आणि त्या कलमाखाली तुझ्या लाल शाईची रेघ होती.

तुला माहीत होतं! तू वाचलं होतंस, रेघ मारली होतीस, पुस्तिका मिटून खणात ठेवली होतीस, आणि पोरीला लॅटिनला धाडलं होतंस! तुझी लेक घरी बसली असती तरी चाललं असतं, पण ‘मराठी’ हा शब्द तुझ्या हातून कागदावर उतरत नव्हता? आणि त्या रकान्यात तू कुणाच्या आईची भाषा लिहिलीस रे? आपल्या आईला एक शब्द येत होता, तोही ती शेळीला म्हणायची! आनाला तर तोही येत नव्हता. तेरूला जिनं जन्म दिला आणि तुला जिनं जन्म दिला, त्या दोघींना तू एका शब्दानं पुसून टाकलंस.

की तू नव्या वर्षात तो शब्द बदलणार होतास? म्हणून रेघ मारून ठेवली होतीस? असेलही. हा संशयाचा फायदा मी तुला रोज सकाळी देते, आणि संध्याकाळी काढून घेते.

मी कागद पुढे ओढला आणि विद्यापीठाला लिहायला बसले. त्या दिवशी पावलूदादा राहात्याहून आला होता, दुखवट्याला. आपल्या चुलत भावाचा स्वभाव तुला माहीतच आहे. काय लिहितेस म्हणाला, मी सांगितलं. तो कडाडला, “मार्थे, गेलेल्या मानसाला कागदावर खोटं पाडत्यात व्हय? पोरीचं लगीन कर न् मोकळी हो. चोपण रान कसं आसतं ते सांगाया गोरा कशाला पायजे?”

मी म्हटलं, “पावलूदादा, तुझं किती रान पांढरं पडलं?”

“पडलंय की निम्मं.”

“मग त्याला औषध काय ते अजून कुणी सांगितलं का तुला? गोऱ्यानं नाही, काळ्यानं तरी?”

तो तंबाखू मळत बसला.

पण तेरू! तिनं मला जिंकू दिलं नाही. तिनं माझा मसुदा वाचला. मी लिहिलं होतं, की माझ्या दिवंगत भावानं खोटी माहिती भरली. ती म्हणाली, “आत्या, बाबांनी मला न विचारता एक लिहिलं. आता तू मला न विचारता दुसरं लिहितेस. भाषा माझी ना? मला कुणी विचारणार आहे की नाही?”

मी पेन तिच्यापुढे ठेवलं.

तिनं माझ्या मसुद्यातला ‘खोटी’ शब्द खोडला आणि आपल्या हातानं नवं पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. ‘माझ्या वडिलांनी आमच्या घरात ज्या भाषेला परवानगी होती ती लिहिली, मला ज्या भाषेत झोपवलं आणि उठवलं ती मराठी.’ तुझी बाजू तिनं माझ्यापेक्षा चांगली मांडली, लुकास. तरी मराठी ती मराठीच लिहिली.

विद्यापीठाचं उत्तर कोरडं आलं. उमेदवाराची दोन म्हणणी एकमेकांशी जुळत नाहीत. तिला लहानाची मोठी करणाऱ्या व्यक्तीनं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर खरं काय ते सांगावं. नाहीतर अर्ज रद्द.

म्हणजे कुठे जायचं? तुझ्याच कचेरीत! तुझी खुर्ची मला दारातून दिसत होती, त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी रुमाल वाळत घातलेला. तुझे जुने हेडक्लार्क माझा कागद वाचून चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिले. “बाई, लुकासरावांनी इतक्या वर्षांत एक नोंद चुकीची केली नाही हो.”

“एक केली,” मी म्हटलं.

मग मला मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर उभं केलं. मी बायबलवर हात ठेवला आणि मोठ्यानं शपथ घेतली, की या मुलीची मातृभाषा मराठी आहे, मी तिला वाढवलं आहे, मला ठाऊक आहे. जिथे तुझ्यासमोरून तांब्या उचलला गेला, त्याच भिंतींच्या आत मी हे मराठीत म्हटलं, कुणी माझी आळी विचारायची हिंमत करतो का बघत. कुणी विचारली नाही.

फारसीच्या दाखल्यासाठी मुन्शीजींकडे गेलो. मोतीबिंदूनं डोळे गेल्यासारखेच झालेत. तेरूचा आवाज ओळखला. “चौथी आयी!” म्हणाले. ती त्यांच्या लेखी अजून चौथीच. मग विचारलं, “तुझे अब्बा राजी झाले का आता?” मी म्हटलं, “मुन्शीजी, ते गेले.” ते हात उचलून पुटपुटले, आणि मग म्हणाले, “माझ्या दारावरून जाताना मान वळवून जायचे. पण फारसीच्या परीक्षेत पोरीला किती मार्क मिळाले, ते विचारायला शाळेत आले होते. मला दिसले होते.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

त्यांनी दाखला लिहायला घेतला, कागद नाकाला लावून, आणि तो फारसीतच लिहिला. मी म्हटलं, “मुन्शीजी, तिकडच्या साहेबांना वाचता यायला हवं ना?” तर म्हणतात, “जो परीक्षा घेतो त्याला वाचता आलं पाहिजे, बाई. येत नसेल तर त्यानं शिकावं. वर्गाला चौथा कमी पडला तर मी मिळवून देतो.”

इंग्रजीची परीक्षा पुण्याला. वाचन, शुद्धलेखन, निबंध, आणि शेवटी तोंडी. परीक्षक एक वयस्क इंग्रज. खोलीत पुस्तकांच्या पेट्या बांधून ठेवलेल्या, कारण आता सगळेच इंग्रज देश सोडून निघालेत. मी बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसले होते, पण खरं सांगते, एक मणी पुढे सरकला नाही. नापास झाली तर? तर तुझं नाव मी फुकट चव्हाट्यावर आणलं असं झालं असतं. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला.

बाहेर आल्यावर तेरूनं सांगितलं. त्यानं विचारलं होतं, घरी फक्त मराठीतच ऐकलेली एखादी गोष्ट मला इंग्रजीत समजावून सांग. तिनं आजीची, म्हणजे तुझ्या-माझ्या आईची, गोष्ट सांगितली. आईनं पाट खोदताना डोक्यावरून माती वाहिली होती, आणि त्याच पाटाच्या पाण्यानं पुढे रानं खारली. म्हातारपणी आई कुणाच्याही बांधावर वाकायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि सांगायची, “खारलं. पानी पिऊन पिऊन रान आजारी पडलंय. ह्याला आता पाजू नगा, निचरा करा.” साहेब म्हणाला, आधी आजीच्या शब्दांत म्हण. तिनं म्हटलं. त्याला काही कळलं नसणार, पण डोळे मिटून ऐकलं. मग तिनं तेच इंग्रजीत सांगितलं, अजिबात न अडखळता.

“आत्या,” ती म्हणाली, “इंग्रजीत बोलताना बाबा समोर बसलेत असंच वाटत होतं. ‘बांध’ शब्द तोंडातून निघाला तेव्हा तर मी उठून दाराबाहेर निघालेच होते!” आणि भर रस्त्यात हसता हसता रडायला लागली.

तिचं इंग्रजी तुझं आहे, लुकास. हे मी तुझ्या कचेरीतसुद्धा शपथेवर सांगेन. एक भाषा तू तिला मनापासून दिलीस. ती देण्यासाठी दुसरी काढून घ्यावी लागत नाही, एवढंच कुणी तुला सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

तर, कालचा लिफाफा. तेरूला प्रवेश मिळाला. इंग्रजी मान्य, फारसी मान्य. सप्टेंबरात बोट आहे. पत्र वाचून ती तशीच कबरस्तानाकडे पळत गेली, म्हणजे तुला बातमी माझ्याआधी लागलीच आहे. कुठल्या भाषेत सांगितली ते मी विचारलं नाही.

लिफाफ्यात एक कार्डही आहे. विद्यार्थ्याच्या आईवडिलांची माहिती: नाव, व्यवसाय, हयात की मृत, आणि मातृभाषा. आनाचा अर्धा भाग तेरूनं भरला. तुझा अर्धा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “माझं मी लिहिलं. हा तुझा भाऊ, आत्या. हे तू लिही.”

लेकीची भाषा तू बदललीस, ती तिनं परत घेतली. पण तुझी स्वतःची? तुला विचारायची सोय नाही. तू असतास तर काय लिहिलं असतंस ते मला पक्कं ठाऊक आहे. आणि तुझा मान राखायचा तर तेच लिहायला हवं, हेही कळतं मला.

पण त्या सकाळी तुझ्याजवळ मी एकटी होते, लुकास. कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबती. तुझं डोकं माझ्या मांडीवर. तू डोळे उघडलेस आणि मला म्हणालास, “आक्का, पानी.” राहात्याच्या घरी म्हणायचास, तसं. मी पाणी पाजलं. ते तुझं शेवटचं बोलणं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तेरूलाही नाही.

कार्ड भरलं आहे. तुझ्या नावासमोर मी ‘मराठी’ लिहिलं. शाई वाळली आहे, आज दुपारच्या टपालानं जाईल. आपली भेट होईल तेव्हा तुला काय बोलायचं ते बोल, हव्या त्या भाषेत बोल, मी मोठी बहीण असूनही खाली मान घालून ऐकून घेईन, हे माझं वचन. पण तो शब्द मी खोडणार नाही. तू मागितलंस तरी नाही.

तुझी,
आक्का